मोकळी बाजू

लोकांचे फोटो दुरुस्त करून देण्यात तिचा हातखंडा होता, पण तिच्या स्वतःच्या सासरचे फोटो भिंतीवर खराब होत राहिले होते. लग्न झाल्यापासून ती "एकदा करून टाकते" म्हणत होती, आणि घरचंच काम म्हणून ते दर वेळी मागे पडत होतं. मग सासरे गेले. पुढच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं, रंगाऱ्याने चारही फ्रेमा उतरवून सोफ्यावर उपड्या ठेवल्या, तेव्हा मात्र तिच्याकडे सबब उरली नाही.

माडीवरच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. टेबल, स्कॅनर, मोठा स्क्रीन, धूळ उडवायचा रबरी फुगा, मऊ ब्रश, सुती हातमोजे. या खोलीत तिने वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या भावांना एका फोटोत शेजारी बसवलं होतं, टक्कल पडलेल्यांना केस दिले होते आणि घरच्यांना नकोसे झालेले दोन-तीन जावई पार पुसून टाकले होते. त्यामुळे फोटो म्हणजे पुरावा वगैरे गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. फोटोत जे दिसतं ते कुणीतरी ठरवून दाखवलेलं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

सासरच्या या चार फोटोंत चार पुरुष होते. आधी नवऱ्याच्या पणजोबांचे थोरले भाऊ, मग पणजोबा, आजोबा आणि वडील, असा तो क्रम होता. चौघेही एकाच खुर्चीत बसलेले, खोलीही हीच पुढची, फक्त खालची फरशी बदलत गेलेली. आणि चौघांकडे एकच दुनळी बंदूक. घरात कर्त्या पुरुषाची जागा ज्याच्याकडे येई, त्याने वर्षाच्या आत या खुर्चीत बंदूक घेऊन फोटो काढायचा, अशी पद्धत होती. स्टुडिओत जायचं नाही, फोटोग्राफर घरी येणार.

"दिसायला सगळे शिकारी," नवरा म्हणायचा, "पण आमच्यात झुरळ मारायलासुद्धा शेजाऱ्यांना हाक मारतात."

नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. डावखुरा होता, बोलका होता, आणि गंभीर प्रसंगी त्याला हमखास विनोद सुचायचे. वडिलांच्या आजारपणातही त्याने डॉक्टरला हसवलं होतं. तिने त्याच्याशी लग्न केलं ते बरंचसं त्यासाठीच, आणि ते तिने कधी लपवलंही नाही.

पहिला फोटो स्कॅन करून ती डाग काढायला बसली. काचेला चिकटून कागदाचा एक कोपरा उचकटला होता, गालावर बुरशी होती. ती सावकाश काम करत गेली आणि तिच्या लक्षात आलं की हा गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. त्याची नजर फोटोग्राफरला वगळून पलीकडे, फोटो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला गेली होती. जुन्या काळी फोटोला वेळ लागायचा, माणसं कंटाळायची, असं म्हणून तिने दुसरा फोटो घेतला. त्याचीही नजर तिकडेच. तिसराही तिकडेच बघत होता आणि सासरेही. तिने चारही फोटो स्क्रीनवर ओळीने लावले. पहिल्याने बंदूक मांडीवर आडवी ठेवली होती, नळी उजवीकडे. दुसऱ्याने ती उभी करून मुठीत घट्ट धरली होती. तिसऱ्याचा हात दस्त्यावर होता आणि नळी किंचित उचललेली. सासऱ्यांनी ती सरळ रोखली होती. त्यांचं बोट चापावर होतं.

शांत स्वभावाचे गृहस्थ. तिला आयुष्यात एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते.

डोळे ती नेहमी शेवटी करायची. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो, माणसाच्या समोर जे असेल त्याचं इवलंसं प्रतिबिंब. तो गेला की फोटोतला माणूस मेल्यासारखा दिसतो, म्हणून तो सांभाळून साफ करावा लागतो. तिने पहिल्याचा उजवा डोळा मोठा केला. रस्त्याकडची खिडकी दिसली, चौकटीसकट. तिच्या शेजारी काळ्या कापडाखाली वाकलेला फोटोग्राफर आणि तिकाटणं. आणि त्यांच्या बरंच मागे, आतल्या बोळाकडे जाणारं दार आहे तिथे, उभ्या रेषेसारखं काहीतरी काळं.

तिने काच पुसली, पुन्हा स्कॅन केलं. रेष राहिली. कागदातला दोष, ती म्हणाली, आणि दुसऱ्या फोटोकडे वळली. दुसऱ्याच्या डोळ्यात ती रेष दाराच्या अलीकडे होती आणि थोडी रुंद होती. तिसऱ्याच्या डोळ्यात ती फोटोग्राफरच्या पाठीशी होती. उभ्या माणसाएवढी, पण माणसाला ज्या कडा असतात त्या तिला नव्हत्या.

वेगवेगळ्या काळातले कागद, वेगवेगळे कॅमेरे, वेगवेगळे फोटोग्राफर. दोष इतका शिस्तीने चालत येत नाही, हे कळण्याइतकी ती या धंद्यात मुरलेली होती. सासऱ्यांचा डोळा तिने मोठा केला नाही. ती खाली जाऊन कणीक मळत बसली.

सासऱ्यांचा फोटो आत्यांनी काढला होता. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. चार गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या, नवस-सायासांना खुळेपणा म्हणणाऱ्या. त्या आल्या तेव्हा तिने चहा पुढे केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आत्या, बाबांचा तो फोटो तुम्ही काढलात ना?"

"मीच. का गं?"

"तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. खुर्चीतला आणि कॅमेऱ्यामागचा, दोघंच. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आमच्याकडे तसंच करतात."

"आणि तुमच्या मागे?"

आत्यांनी कप खाली ठेवला.

"दादा म्हणाला होता, मागे बघायचं नाही. बटण दाबायचं आणि तशीच रस्त्याच्या दाराने बाहेर पडायचं. मी म्हटलं, अरे पण मागे आहे काय? तर म्हणाला, तू नको बघू, मी बघतोय ना."

आत्याच पुढे बोलल्या, गणित सोडवून दाखवावं तशा कोरड्या आवाजात. दादांच्या वर एक थोरला भाऊ होता. कर्तेपण आधी त्याच्याकडे आलं होतं. तो सुधारक विचारांचा, बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला, फोटो काढायचा राहून गेला. वर्ष संपलं.

"मग काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं. चांगला ऐंशी वर्षांचा होऊन गेला. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर बोलायचा. पण तो आमचा भाऊ नव्हता गं. कर्तेपण मग दादाकडे आलं. वहिनी माहेरी गेली ती परत आली नाही. आम्हीही कुणी तिला बोलावलं नाही." आत्यांनी पदराने चष्मा पुसला. "म्हणून म्हणते, याचा फोटो होऊन जाऊ दे. वर्ष सरत आलंय. बंदूक काढून साफ करून ठेव म्हणावं."

बंदूक घरात नव्हती. परवाना सासऱ्यांच्या नावावर होता, ते गेल्यावर नवऱ्याने ती पोलीस ठाण्यात जमा करून टाकली होती. संध्याकाळी तो आला तेव्हा आत्या थांबल्याच होत्या.

"अरे गधड्या, मला विचारायचं तरी."

"आत्या, बेकायदा हत्यार घरात ठेवलं तर माझा फोटो निघेल खरा, पण तो ठाण्यात निघेल."

आत्या हसल्या नाहीत. "मग बसणार कसा?"

"छत्री घेऊन बसतो. बाबांची लांब दांड्याची आहे की. सरळ रोखली तर लांबून कळायचंही नाही."

मग तिलाच ते सुचलं. त्याने छत्री धरून बसायचं, आणि सासऱ्यांच्या फोटोतली बंदूक उचलून तिने त्याच्या हातात बसवायची. हे तर तिचं रोजचंच काम होतं. माणूस जर कागदावरचा चालतो तर बंदूक कागदावरची का चालू नये, असा साधा हिशेब तिने केला. आत्या "तुला जमतंय तर बघ" एवढंच म्हणाल्या. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली होती. नवरा गमावण्याची भीती, आणि तीही कुणाला सांगता येणार नाही अशा कारणासाठी. पण काहीतरी करतो आहोत म्हटलं की भीती आवरते, तशी तिचीही आवरली.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्यांनी फोटो काढला. खिडकीतून चांगला उजेड येत होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. आत्या रस्त्यावर पायरीपाशी थांबल्या. नवरा खुर्चीत बसला, त्याने छत्री उचलली आणि डाव्या हाताने दस्ता धरावा तशी मूठ धरली.

"बाबांसारखी धर," ती म्हणाली.

"तशीच धरलीये. ते उजवे, मी डावा. आता या वयात हात बदलू का?"

छत्रीचं टोक त्यामुळे उलट्या बाजूला, खिडकीकडे गेलं होतं. तिला ते दिसलं. बंदूक उलटी करून बसवावी लागेल, एक जादा काम, एवढाच विचार तिच्या मनात आला.

"हसू का?" त्याने विचारलं.

"नको. घरात कुणी हसलेलं नाही."

"सगळ्यांना छत्री दिली असती तर हसले असते." तो पुढेही काही बोलणार होता. तोंड उघडलेलं तसंच राहिलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत तिला त्याची नजर तिच्यावरून सरकताना दिसली. ती तिच्या उजव्या खांद्यापाशी जाऊन थांबली.

मागे बोळाचं दार उघडं होतं. तिथून जमिनीलगत गार हवा येत होती, पावलांना जाणवेल इतपत.

"काढ लवकर," तो हळू म्हणाला.

तिने बटण दाबलं आणि मागे न बघता रस्त्याच्या दाराने बाहेर पडली. उन्हात उभी राहिल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. मोटारसायकल एकदाची सुरू झाली होती. थोड्या वेळाने नवराही बाहेर आला, छत्री काखेत धरून.

"काय बघत होतास?"

"काही नाही. ऊन डोळ्यावर आलं."

तो बघत होता त्या बोळाच्या बाजूने ऊन येतच नव्हतं, हे तिने बोलून दाखवलं नाही.

दोन-तीन दिवसांत तिने फोटो पुरा केला. छत्री काढली, बंदूक उचलली, आडवी उलटवली आणि डाव्या हातात बसवली. बोटांच्या सावल्या जुळवल्या, दस्त्यावर खिडकीचा उजेड दिला. इतकं बेमालूम काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल. डोळेही तिने पाहिले, कारण पाहिल्याशिवाय राहवेना. खिडकी होती, कॅमेरा डोळ्याला लावलेली ती स्वतः होती. तिच्या उजव्या खांद्यामागे गडद काहीतरी होतं, पण ते इतकं चिकटून होतं की तिचे मोकळे केसही असू शकले असते. केसच आहेत, असं तिने ठरवलं. चारही जुने फोटो आणि हा पाचवा, ताज्या रंगाच्या भिंतीवर तिने स्वतः ठोकले.

त्या आठवड्यात नवरा जरा गप्प होता. ऑफिसातून येऊन खुर्चीत बसायचा. विचारलं तर उत्तर बरोबर द्यायचा, पण लांबून ऐकू आल्यासारखं, किंचित थांबून. रंगाच्या वासाने डोकं दुखतं म्हणाला. जेवताना तिने एक जुना किस्सा काढला, ज्यावर तो दर वेळी तेच वाक्य टाकून हसवायचा. तिने वाक्यासाठी जागा सोडली. तो शांतपणे जेवत राहिला.

शनिवारी दुपारी आत्या फोटो बघायला आल्या. नवरा आत झोपला होता. आत्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या, चष्मा वर-खाली केला, पाचही फोटो एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहिले. "छान केलंस गं," त्या म्हणाल्या, "खरीच वाटते." मग त्या पाचव्या फोटोपाशी गेल्या आणि नळी जिकडे रोखलेली होती त्या खिडकीकडे त्यांनी मान वळवून पाहिलं. तिथून वळून बोळाच्या दाराकडे पाहिलं.

"ही बाजू मोकळी का सोडलीस?"

"तो डावखुरा आहे ना, आत्या," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते पुरतं कळलं.

"दुरुस्त करते. आत्ता करते," असं म्हणत ती जिना चढली.

फाइल उघडली. बंदूक सोडवली, पुन्हा सुलटी केली, नळी उजवीकडे फिरवली. ती हातात बसेना. बोटं उलटी, मूठ उलटी. हात कापून दुसरे लावावे लागले असते. सासऱ्यांचे लावू, ती म्हणाली. तिने चित्र मोठं केलं, हातांकडे जाताना चेहऱ्यावरून गेली, आणि थांबली.

चेहऱ्यावर खिडकीचा उजेड होता. गालावर, नाकावर, कपाळावर.

डोळ्यात खिडकी नव्हती.

तिने आणखी मोठं केलं. ती स्वतःही नव्हती. कॅमेरा नव्हता. दोन्ही डोळे कडेपासून कडेपर्यंत काळे होते, समोर अगदी जवळ येऊन कुणी उभं राहिल्यासारखे.

ही फाइल तिच्याशिवाय कुणी उघडत नसे.

तिने ब्रश घेतला. पांढऱ्याचा एक थेंब उचलला आणि उजव्या डोळ्यात ठेवला. चेहरा क्षणभर ओळखीचा वाटला. मग ती फक्त ठिपका ठेवलेली एक नजर झाली. तिने ब्रश खाली ठेवला.

खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ती जिना उतरली. पुढच्या खोलीत दुपारचा उजेड भरून राहिला होता. नवरा झोपेतून उठून आला होता आणि खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. शर्ट तोच होता, उशीची घडी गालावर उमटलेली होती, केस एका बाजूला उभे राहिले होते. तिने त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. तिने आत्यांकडे पाहिलं.

आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ज्याला त्यांनी पाळण्यात झोपवलं होतं, ज्याला पाढे चुकल्यावर कान धरून उभं केलं होतं, ज्याला पंचेचाळिशीतही "गधड्या" म्हणत होत्या, त्याच्याकडे त्या बघत होत्या. भीती त्यांच्या चेहऱ्यावर फारशी नव्हती. पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या पाहुण्याला ओळखायला वेळ लागावा, तसं काहीतरी होतं.

त्यांनी साडी सारखी केली. मग खूप अदबीने विचारलं,

"कधी आलात?"

तो किंचित थांबला. तिच्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाला, "आत्ताच."

आत्यांनी मान हलवली. त्या तिच्याकडे वळल्या, आणि घरात वडीलधारं माणूस बसलेलं असताना बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणाल्या,

"यांना चहा विचारलास का?"